दुर्गा खोटे : गरजेपोटी धरलेली वाट

'शोले'तला कालिया आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. होस्टेलमध्ये कुणाचा पेपर फसला की पहिली हाक त्याच नावाने पडते. तो कालिया म्हणजे विजू खोटे. पण त्यांच्या काकू कोण, हे विचारलं तर आपल्या मजल्यावर दहातले नऊ जण मान हलवतात. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बॉबी'मधली मिसेस ब्रगांझा, 'कर्ज'मधली म्हातारी आई, असं एकेक सांगत गेलं की मग चेहरा आठवतो. अरे, त्या होय! हो, त्याच. दुर्गा खोटे.

पांढऱ्या केसांची, भारदस्त, डोळ्यांनी बोलणारी आई, एवढीच त्यांची ओळख आपल्या पिढीपर्यंत आली. मीही त्यांना तसंच ओळखत होतो. पण त्यांच्या आयुष्याबद्दल वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की ही आई पडद्यावर येण्याआधी एक तिशीही न गाठलेली बाई होती. पदरात दोन मुलं, घरात पैशाची चणचण, आणि समोर एक असं काम, जे चांगल्या घरातल्या बाईने करायचं नाही असं सगळा गाव मानत होता. तिने ते काम धरलं. या लेखात मला त्याच बाईबद्दल सांगायचं आहे.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 चा, ऐन संक्रांतीचा. माहेर लाडांचं. मूळ गोव्याकडचं कोकणी बोलणारं कुटुंब, पण वाढल्या मुंबईत, गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र घरात. शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. त्या काळात मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि पुढे कॉलेजातही जाते, यावरून घर कसं असेल ते कळतं. विशी उलटायच्या आत लग्न झालं. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे नवरा आपल्याच जातकुळीतला निघाला. विश्वनाथ खोटे हे बनारसला शिकलेले मेकॅनिकल इंजिनियर. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. स्थळ उत्तम, घर श्रीमंत, मुलगी सुखात पडली, असंच तेव्हा सगळे म्हणाले असणार.

पण पुढे सासरची आर्थिक घडी पार विस्कटली. श्रीमंतीत वाढलेल्या बाईवर मुलांच्या पोटापाण्याची काळजी करायची वेळ आली. शिक्षण झालेलं होतं म्हणून दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या धरल्या. शिकवण्यांमध्ये किती मिळतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पॉकेटमनी सुटतो, घर चालत नाही.

अशात 1931 साल उजाडलं. मार्च महिन्यात गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपल्याकडचा चित्रपट बोलायला लागला. मूकपट काढणाऱ्यांची एकच धांदल उडाली. तयार झालेल्या मूकपटाला एखादा बोलता तुकडा जोडून तो खपवायचा, असाही उद्योग चालला होता. मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटासाठी अशाच एका छोट्या कामाला नवा चेहरा हवा होता. दुर्गाबाईंच्या बहिणीच्या ओळखीतून ते काम त्यांच्याकडे आलं. मिनिटं मोजकी, मोबदला रोख. त्यांनी होकार दिला.

हा होकार किती महागात पडला असेल ते समजायला थोडं मागे जायला हवं. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा राणी तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवून तारामती उभी करावी लागली. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला (पुढच्या कमलाबाई गोखले) या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या खऱ्या, पण म्हणून वाट मोकळी झाली नाही. रंगभूमीवर बालगंधर्वांचा स्त्रीवेष म्हणजे सौंदर्याची परमावधी मानली जात होती. चित्रपटात काम करणाऱ्या बायका बहुतेक कलावंतिणींच्या घरातल्या, नाहीतर अँग्लो-इंडियन किंवा ज्यू समाजातल्या. चांगल्या घरची बाई सिनेमा पाहायला गेली तरी कुजबुज व्हायची, मग त्यात काम करणं तर लांबच.

'फरेबी जाल' लागला आणि व्हायचं तेच झालं. चित्रपट सुमार होता, विषयही घरंदाज लोकांच्या पचनी पडणारा नव्हता. दुर्गाबाईंचं काम चिमूटभर, पण बभ्रा मणभर. माहेर आणि सासर, दोन्ही घरांची नावं मुंबईत ओळखीची. दोन्हीकडे लाज गेल्यासारखं झालं.

इथे मी वाचताना थांबलो होतो. आपल्या वर्षातल्या कितीतरी जणांचा पहिला इंटरव्ह्यू फसतो, पहिली केटी लागते आणि मग चार दिवस कोणी खोलीबाहेर येत नाही. सव्वीस वर्षांच्या त्या बाईचं नापास होणं तर भर बाजारात, सगळ्या शहरासमोर झालं होतं. शिवाय पुन्हा घरी बसायचं म्हटलं तर मुलांच्या फीचा प्रश्न होताच.

त्यातून मार्ग निघाला तो कोल्हापूरकडे. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच भागीदारांनी 1929 साली ती उभी केली होती. शांतारामांना आपला पहिला बोलपट काढायचा होता आणि विषय निवडला होता हरिश्चंद्राचाच. मराठीत 'अयोध्येचा राजा', हिंदीत 'अयोध्या का राजा'. तारामतीसाठी त्यांनी दुर्गाबाईंना बोलावलं. एका सुमार चित्रपटाने बदनाम झालेल्या बाईला थेट राजाची पतिव्रता राणी करायचं, यात शांतारामांचं धाडस होतं. आणि एकदा पोळल्यावर पुन्हा त्याच विस्तवाकडे जायचं, यात दुर्गाबाईंचं त्याहून मोठं.

आता थोडं आपल्या आवडीचं, म्हणजे तंत्राचं. 1932 साली पार्श्वगायन नव्हतं. ती सोय आपल्याकडे 1935 नंतर आली. म्हणजे तारामतीला गायचं असेल तर दुर्गाबाईंनीच कॅमेऱ्यासमोर गायचं, वाजवणारे चौकटीबाहेर बसलेले, माइक कुठेतरी आडोशाला लपवलेला. अभिनय, सूर, शब्द आणि जागा, सगळं एकाच वेळी जमलं पाहिजे. एक शब्द चुकला की सगळं पहिल्यापासून. बाहेरचा आवाज हा तर कायमचा शत्रू. मुंबईत 'आलम आरा'वाल्यांच्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून त्यांनी गाड्या थांबल्यावर मध्यरात्री चित्रीकरण केलं होतं. कारशेडच्या बाजूला झोपणाऱ्या आपल्यासारख्या कळवेकरांना ती अडचण समजावून सांगायची गरज नाही! 'प्रभात'मध्ये आवाजाची बाजू दामल्यांकडे होती. संगीत गोविंदराव टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. किर्लोस्कर आणि गंधर्व कंपन्यांत मुरलेल्या त्या गायक-नटासमोर ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरी कोकणी बोललेली, नाटकाचा वारा न लागलेली नवशिकी बाई उभी राहिली.

आणि टिकली. चित्रपट दोन्ही भाषांत चालला. मराठीतला हा पहिला बोलपट आणि सुदैवाने त्याची प्रत शिल्लक आहे, आजही पाहता येतो. मी पाहिला तेव्हा पहिली पाच-दहा मिनिटं हसू आलं. संथ चाल, नाटकी बोलणं, कागदी वाटणारे महाल. पण राज्य गेल्यावर बाजारात विकायला उभी राहिलेली तारामती दिसली आणि हसू थांबलं. घर होतं, ऐश्वर्य होतं, ते गेलं, आता मुलासाठी स्वतःला विकायला उभी आहे. दुर्गाबाईंना हे दुःख पाठ करावं लागलं नसेल, असं मला वाटून गेलं. हा अर्थात माझा अंदाज. पण 1913 साली जी तारामती मिशा काढलेल्या पुरुषाने केली, तीच एकोणीस वर्षांनी एका शिकल्या-सवरल्या घरातल्या आईने केली, हे मात्र अंदाजाचं नाही. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच लोक तिकीट काढून तिला पाहून आले. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, रंगभूमीवर 'आंधळ्यांची शाळा' आलं आणि त्यातही स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. एका बाईमुळे सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण चांगल्या घरातल्या मुलींनी चित्रपटात जाण्याचा विषय ज्या घरांत निघाला, तिथे उदाहरण द्यायला आता एक नाव होतं.

'प्रभात'मध्येच त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' झाला, त्यात त्या स्त्रीराज्याची राणी किलोतळा. त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा नटनट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असत. कंपनीने सांगितलं ते काम करायचं, दुसरीकडे जायचं नाही. आजच्या भाषेत बाँड! दोन मुलांच्या आईला हा पक्का पगार किती मोलाचा वाटायला हवा होता. पण दुर्गाबाईंनी स्वतःला एका कंपनीला बांधून घेतलं नाही. चित्रपटागणिक करार करून, जिथे चांगलं काम मिळेल तिथे जाणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही कलावंतांत त्या मोडतात. कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' (1933), मग तिथल्याच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत बोस यांचाच 'सीता' (1934). या 'सीता'त राम होते पृथ्वीराज कपूर, आणि हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. पुन्हा 'प्रभात'मध्ये, एव्हाना पुण्याला गेलेल्या, 'अमरज्योती' (1936). त्यात त्या झाल्या सौदामिनी. राज्याचा कायदा आईला तिच्या पोटच्या मुलावर हक्क देत नाही, म्हणून ती बंड करते आणि समुद्रावर चाचेगिरी करते. नव्वद वर्षांपूर्वीच्या भारतीय चित्रपटात बाई चाच्यांची सरदार! दोन वर्षांपूर्वीची सीता आणि ही सौदामिनी एकच बाई करते आहे, हे पाहणाऱ्यांना पचलं, यातच त्यांची ताकद कळते. 1937 साली तर त्यांनी 'साथी' हा चित्रपट स्वतः काढला. चित्रपटाच्या धंद्यात पैसा आणि जबाबदारी घेऊन उतरलेल्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आणखी एक गोष्ट. नट्यांचं वय झालं की काम संपतं, असा त्या धंद्याचा नियम. दुर्गाबाईंनी वय लपवायचा खटाटोप न करता ते वापरलं. 1941 साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्यांनी खाष्ट सासू केली, तेव्हा त्या छत्तिशीत होत्या. नायिकेची गादी असताना सासूचं काम घेणं म्हणजे पायावर धोंडा, असं कोणीही म्हटलं असतं. पण याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी, 'चरणों की दासी'साठी, त्यांना बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी पुरस्कार दिला. 'भरत मिलाप'मधली कैकेयी, सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ' (1943) मधली मृणालवती, अशा करारी बायका त्यांच्याकडे येत गेल्या. 1960 साली 'मुघल-ए-आझम' आला तेव्हा अकबर होते पृथ्वीराज कपूर आणि जोधा दुर्गाबाई. 'सीता'तली रामसीतेची जोडी सव्वीस वर्षांनी बादशहा आणि बेगम होऊन समोरासमोर उभी राहिली. नवरा हट्टी, मुलगा बंडखोर आणि मधे ही. प्रेमकथा सलीम-अनारकलीची असली तरी माझं लक्ष दर वेळी जोधाकडेच जातं.

नाटकाकडे त्या उलट्या रस्त्याने आल्या. बाकीचे नाटकातून सिनेमात जात, या सिनेमात नाव कमावून नाटकात आल्या. पडद्यावर चुकलं तर पुन्हा घेता येतं, रंगमंचावर ती सोय नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी अनेक वर्षं कामं केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई, समोर राघोबा म्हणून नानासाहेब फाटक आणि रामशास्त्री म्हणून केशवराव दाते. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये नवऱ्याला सिंहासनाकडे ढकलणारी बाई पुन्हा त्याच. इप्टाच्या चळवळीशीही त्यांचा संबंध होता. 1958 साली अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्य संघाचं नाट्यगृह गिरगावात, कांदेवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कळव्याहून स्लो लोकलने दादर आणि तिथे गाडी बदलून चर्नी रोड, इतकंच. सबमिशनमधून डोकं वर निघालं की कधीतरी जाऊन या. ज्या गिरगावाने 1931 साली नावं ठेवली, त्याच गिरगावात ही बाई पुढे मानाने रंगमंचावर उभी राहिली.

घरात मात्र सगळं सुरळीत नव्हतं. ज्या मुलांसाठी हे सगळं आरंभलं, त्यातला धाकटा हरिन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे आपल्या रंगभूमीवरच्या मोठ्या दिग्दर्शिका विजया मेहता. मुलाच्या मृत्यूनंतर आईने पुन्हा तोंडाला रंग लावून पडद्यावर दुसऱ्या कुणाची तरी आई व्हायचं, हे कसं जमत असेल? यावर मी काही लिहू शकत नाही. त्या काम करत राहिल्या, एवढंच नोंदवतो.

आणि काम केवढं! 'बावर्ची' (1972), 'अभिमान' आणि 'बॉबी' (दोन्ही 1973), 'बिदाई' (1974), 'कर्ज' (1980). 'बिदाई'तल्या आईसाठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा वय सत्तरीला टेकलं होतं. एकूण चित्रपट दोनशेच्या आसपास, मूकपटाच्या शेपटापासून रंगीत सिनेमास्कोपपर्यंत. मधल्या काळात त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढून माहितीपट आणि जाहिरातपट केले. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरची 'वागले की दुनिया' 1988 साली दूरदर्शनवर आली, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. म्हणजे ज्यांना 'अयोध्येचा राजा' ठाऊक नाही, त्यांच्याही आईवडिलांनी दुर्गाबाईंचं काम घरबसल्या पाहिलेलं आहे.

1968 साली पद्मश्री मिळाली. 1983 साली दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार एका तारामतीला मिळाला! गंमत म्हणजे त्यांना निवडणाऱ्या शांतारामांना तो दोन वर्षांनी, 1985 साली मिळाला. 1982 मध्ये त्यांचं 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आलं, शांता गोखले यांनी पुढे ते इंग्रजीतही नेलं. 22 सप्टेंबर 1991 रोजी मुंबईत दुर्गाबाई गेल्या. वय शहाऐंशी. 2013 साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं.

आता कोणी विचारेल, इंजिनियरिंगच्या अंकात एका नटीचं चरित्र कशाला? माझं उत्तर असं. आपल्याला उठसूट सांगितलं जातं की आवडेल तेच करा, आतून हाक येईल तिकडे जा. ऐकायला छान वाटतं. पण आपल्यातले किती जण आतून हाक आली म्हणून इथे आले? कुणाला मार्क पडले म्हणून, कुणाला घरच्यांनी सांगितलं म्हणून, कुणाच्या घरी लवकर पगार सुरू व्हायला हवा म्हणून. मग मेसमध्ये जेवताना कुणीतरी हळूच म्हणतं की आपण चुकीच्या जागी आलो, आता काय होणार. मलाही असे दिवस होते.

दुर्गाबाई अभिनयात कुठल्या हाकेने आल्या नाहीत. फी भरायची होती, वाणी द्यायचा होता, म्हणून आल्या. पहिलंच पाऊल चिखलात पडलं. पण दुसरं काम हाती आलं तेव्हा त्यांनी ते नाइलाज म्हणून उरकलं नाही. शिकल्या. गाणं शिकल्या, मराठी घासूनपुसून घेतली, कंपनीचा बाँड नाकारण्याइतक्या पक्क्या झाल्या, वय झालं तेव्हा वयाला शोभेल ते केलं, रंगमंच नवा होता तर तिथेही उभ्या राहिल्या. असं करत करत गरजेपोटी धरलेलं काम त्यांचं स्वतःचं झालं. आवड आधी आणि काम नंतर, असाच क्रम असला पाहिजे असं नाही, हे मला त्यांच्या आयुष्यावरून कळलं.

आणि आपल्या मुली? गॅदरिंगच्या एकांकिकेत काम करू का, असं घरी विचारल्यावर आजही काही जणींना नकारच ऐकावा लागतो. त्यांनी घरी भांडण करावं असं मी सांगणार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. फक्त एखाद्या सुट्टीत आईबाबांना शेजारी बसवून 'अयोध्येचा राजा' लावावा. तारामती कोण होती, तिने ते काम का धरलं, हे पडद्याकडे बोट दाखवून सांगावं. आणि मग तालमीची वेळ विचारावी.

— शेवटचं वर्ष, मेकॅनिकल